उघड्या तोंडाची हडळ

१९ सप्टेंबर

नरकासुराचं मुंडकं फ्रिजवर वाळत ठेवलं होतं. बाबांनी ते उचलून मागच्या अंगणात उन्हात नेऊन ठेवलं. अबू हमूरचं सप्टेंबरचं ऊन! दुपारपर्यंत कपाळ उभं तडकलं.

"पितृपक्षात असलं काही डोक्यावर नको," एवढंच म्हणाले.

फ्रिजच्या डोक्यावर होतं. त्यांच्या नाही. हे तोंडावर बोलले नाही, इथे लिहितेय.

सासरे आहेत, वय झालंय, आई गेल्यापासून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटे होते. जुलैत वर्षश्राद्ध झालं आणि गुरू त्यांना इकडे दोह्याला, आमच्या अबू हमूरच्या घरी घेऊन आला. सगळं कळतं मला. पण कागदाचा लगदा काय आपोआप होतो? पेपर भिजवायचे, वाटायचे, त्यात मेथीची पूड, डिंक, मग थरावर थर चढवायचे. उचलायच्या आधी एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

२० सप्टेंबर

तडा बुजवला. आता आठी घातल्यासारखा दिसतोय. आधीपेक्षा बरा दिसतो खरं तर. बाबांना हे सांगणार नाही.

२२ सप्टेंबर

विभावरी येऊन गेली. ती यंदा इथल्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव. दिवाळी कार्यक्रमाची सजावट मी करायची हे तिनंच गणपतीच्या आधी ठरवलं. "दर वर्षी तीच प्लॅस्टिकच्या झेंडूची तोरणं. कंटाळा आला गं. काहीतरी विंटेज कर, हातानं केलेलं."

मी म्हटलं, मग आमच्या सावंतवाडीची दिवाळी करते. आमच्याकडे दिवाळी सुरू होते ती नरकासुरापासून. पोरं वाडीवाडीत त्याचा पुतळा करतात, नाचवतात, पहाटे जाळतात. तो आला की त्याच्यामागून कोकणातली बाकीची मंडळीही येऊ देत — देवचार, मुंजा, गिऱ्हा, वेताळ. रंग जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे. विटकरी, पिवळट, काजळी. कंदिलाचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला, त्यावर घुबडं आणि वटवाघळं. तेव्हा ऐकून तिनं टाळी वाजवली होती.

आज सगळं प्रत्यक्ष बघितलं. देवचारापाशी थबकली. खांद्यावर घोंगडी, हातात मशाल, पायांत झिजलेल्या वहाणा. रात्रभर गावाची राखण करत फिरतो ना तो. तिनं फोटो काढले, म्हणाली, "कमाल आहेस तू." वल्लरीलाही म्हणाली, "युअर मॉम इज अ जीनियस."

आमच्या लेकीनं फोनमधून मान वर काढली नाही. "आय नो. इट्स क्रीपी."

तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत.

२५ सप्टेंबर

अविधवा नवमी. आईंसाठी पान वाढलं. सवाष्ण म्हणून विभावरीलाच बोलावलं, ओटी भरली. अंगणातल्या भिंतीवर घास ठेवला. कावळा काही आला नाही, मैना आल्या आणि वडा घेऊन गेल्या.

"चालेल का हो मैना?" मी बाबांना विचारलं.

"कमलला काय चालेल हे कधी कुणी विचारलं होतं?" म्हणाले आणि आत गेले.

काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला तर त्या घरात सगळं आईंनाच विचारून करावं लागायचं. आई गणिताच्या शिक्षिका. ओठ कायम मिटलेले, जशा काही वर्गावरच आहेत. माझं काहीही हातात घ्यायच्या, उलटसुलट करून बघायच्या, परत ठेवायच्या. "पसारा आवर." संपलं. इतक्या वर्षांत चांगलं नाही म्हणाल्या, वाईटही नाही. वाईट तरी म्हणायचं होतं.

३० सप्टेंबर

आज हडळ झाली. झालीच म्हणायचं, मी केली असं वाटत नाही. बाकी सगळ्यांची आधी चित्रं काढली होती, हिचं नाही. सकाळी वल्लरीची बस गेल्यावर बसले ती दुपारीच उठले. खजुराच्या झाडाचा काथ्या आमच्या कंपाउंडच्या माळ्यानं, वलीनं दिला होता, त्याचे केस. कपाळावर आडवं कुंकू. नाकात नथ. पाय उलटे.

आणि तोंड उघडं. चांगलं वासलेलं. का केलं ते माहीत नाही, हात गेला.

या सगळ्यांत हीच चांगली झालीय.

४ ऑक्टोबर

शुक्रवार, म्हणून गुरू घरी. कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि थांबला.

"ही आई आहे."

"ही हडळ आहे."

"कपाळ बघ. नाक बघ. आणि नथ."

"नथ कुठल्याही बाईला असते, गुरू."

"तुझा तिच्यावर राग होता, मला माहितीय. कधी बोलली नाहीस, पण होता. ती गेलीय आता. गेलेल्या माणसाचं हे असं करतात?"

माझे हात लाल रंगानं भरले होते, ते तसेच राहिले. मी म्हटलं, मी तुझ्या आईला हडळ करेन असं तुला वाटतंच कसं? तो म्हणाला, "मला वाटायचा प्रश्न नाही. समोर दिसतंय." मग म्हणाला, "बाबांनी बघायच्या आत मोड."

मोडणार नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटचे दिवस आईंपाशी कोण होतं? हा तर इथे प्लांटच्या शटडाऊनच्या कामात. मी गेले पुण्याला, वल्लरीची शाळा बुडवून तिला घेऊन. आईंची वेणी मी घालत होते. तेव्हाही ओठ मिटलेलेच. मी त्यांचं तोंड वासेन? मला त्यांचं उघडं तोंड आठवतसुद्धा नाही!

बाबा दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही.

५ ऑक्टोबर

गुरू बोलत नाही. मीही नाही. वल्लरी दोघांमध्ये निरोप्याचं काम करतेय. "बाबा इज आस्किंग अबाउट डिनर." सांग त्याला, आमटी-भात आहे.

१० ऑक्टोबर

मंडळाची मीटिंग विभावरीच्या घरी, उम्म सलाल मोहम्मदला. अध्यक्षांना सगळं प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं होतं. नरकासुराला पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला, बाकीचे मागे, हडळ तेवढी घरी ठेवली. सिग्नलला शेजारच्या लँडक्रूझरमधल्या माणसानं काच खाली केली, हात हलवला, माशाल्ला म्हणाला. दिवसभरात माझ्या कामाला मिळालेली तीच काय ती दाद.

अध्यक्ष म्हणजे अभिजित. बँकेत आहे, माझ्याहून लहान आहे, आणि मला मॅडम म्हणतो.

"मॅडम, काम सुंदरच आहे. पण लोक मुलंबाळं घेऊन येतात. दिवाळी म्हणजे मांगल्य. हे जरा… अभद्र वाटतं."

"नरकासुराला मारला म्हणून तर दिवाळी ना?"

"हो, पण तो दाखवायचा कशाला?"

मला हसूच आलं. कुणीच हसलं नाही म्हणून थांबले.

मग तो म्हणाला, "डोळे थोडे गोड करता येतील का? आणि दात काढले तर? एखादा हसरा नरकासुर, मुलांना क्यूट वाटेल असा. आणि देवचार वगैरे नकोच. ती तुमच्याकडची अंधश्रद्धा झाली."

तुमच्याकडची! याची आजी नाशिकला मीठ-मोहऱ्या उतरवत नव्हती काय?

मी विभावरीकडे बघितलं. कंदील तिनं मागितले होते, फोटो तिनं काढले होते. ती सामोशांच्या प्लेटा लावत होती. त्या मीटिंगभर नीट लागल्या नाहीत म्हणायच्या.

मी सगळ्यांना उचललं आणि परत बेल्ट लावून घरी आणलं.

१३ ऑक्टोबर

ग्रुपवर मेसेज. सजावट इव्हेंटवाल्यांना दिली आहे, फ्लेक्सचा बॅकड्रॉप येणार. "मालविकाताईंचे त्यांच्या प्रयत्नांबद्दल आभार." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्यात विभावरीचेही हात.

प्रयत्नांबद्दल!

१८ ऑक्टोबर

बाबा सकाळी टेबलापाशी आले. मला वाटलं, झालं, आता यांचं काय.

"हा घोंगडीवाला कोण?"

देवचार, म्हटलं. गावाचा राखणदार. रात्री फिरतो, कुणाला दिसत नाही. वर्षाकाठी लोक त्याला नव्या वहाणा ठेवतात, त्या झिजलेल्या सापडतात.

"म्हणजे केलेलं काम फक्त वहाणांवरून कळायचं."

"हो."

"हं," म्हणाले. बराच वेळ उभे होते. हडळीकडेही बघितलं. काय वाटलं, मी विचारलं नाही. गुरूनं त्यांच्या डोक्यात काय भरवलंय ते भरवलंय. मी सफाई देणार नाही. ज्याची चूकच केली नाही त्याची सफाई कसली?

२५ ऑक्टोबर

मंडळाचा कार्यक्रम. मी गेले नाही. गुरू म्हणाला, "लोक विचारतील." त्यांना सांग, ती अभद्र वस्तू बनवत बसलीय.

तो आणि बाबा गेले. बाबा मध्यंतरातच टॅक्सी करून परत आले. का, विचारलं तर म्हणाले, "चकली मऊ होती."

२७ ऑक्टोबर

दुपारी विभावरीचा फोन. जसं काही झालंच नाही अशा आवाजात. "अगं, एक काम होतं. एकतीसला आमच्या वेदांतच्या मित्रांना बोलावलंय, हॅलोविन पार्टी. घरातल्या घरातच. तुझी ती भुतं देशील का एका दिवसापुरती? तो मोठा राक्षस आहे ना, तो जिन्यापाशी मस्त दिसेल."

"त्याचं नाव नरकासुर."

"हो गं, तोच."

"एकतीसला नरकचतुर्दशी आहे, विभावरी."

"अय्या, खरंच की. काय योगायोग ना?"

"मंडळात तो अभद्र होता."

"ते वेगळं. तिथे लोकांचं बघावं लागतं. हॅलोविनला चालतात गं भुतं."

"म्हणजे नरकचतुर्दशीला नरकासुर चालत नाही, पण हॅलोविनला चालतो."

"तू ना, शब्दात पकडतेस."

"त्या दिवशी तू गप्प का बसलीस?"

मग म्हणाली, "तू सगळं मनाला लावून घेतेस, मालविका. लोकांना तुझं काम आवडतं, पण तुझ्याशी बोलायला भीती वाटते."

मी म्हटलं, "मग दारात मलाच उभी कर. भुतांची गरज पडणार नाही." आणि फोन ठेवला.

भीती वाटते म्हणे. अठरा वर्षं पुण्याच्या घरात मान खाली घालून वावरले, तेव्हा नाही कुणाला माझी भीती वाटली. इथे आल्यावर गुरूच्या ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये "शी डज क्राफ्ट्स" म्हणून ओळख करून देतात, तेव्हा गोड हसते मी. तेव्हा नाही वाटत. एकदा आवाज चढवून बोलले, तर लगेच भीती.

सामोशाच्या प्लेटा लावत होती. मी विसरणार नाही.

२८ ऑक्टोबर

हडळ नाही!

स्टोअरच्या फळीवर ठेवली होती. देवचार आहे, मुंजा आहे, घुबडं आहेत. ती नाही. कपाटं बघितली. गाडीची डिकी बघितली. कंपाउंडच्या फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या पेट्याही उघडून बघितल्या, या उन्हात, ओढणी नाकाला लावून. वलीलाही विचारलं. नाही म्हणाला.

संध्याकाळी गुरू आला. मी विचारलं, "कुठे टाकलीस?"

"काय?"

"नाटक करू नकोस."

"मी हात लावला नाही, मालविका."

"तूच म्हणाला होतास, मोड."

"म्हणालो होतो. मोडली नाही." बूटही न काढता सोफ्यावर बसला. थकलेला दिसत होता. "मला ती बघवत नाही. म्हणून स्टोअरचं दारच उघडत नाही मी. टाकेन कशी?"

विश्वास ठेवला नाही. दुसरं कोण आहे या घरात? वल्लरी म्हणाली, "आई, ही इज नॉट लायिंग." मी तिच्यावरही ओरडले. ती रडत खोलीत गेली.

माझी सगळ्यांत चांगली वस्तू होती ती. मंडळाला दाखवायचं धाडस केलं नव्हतं, विभावरीला माहीतही नव्हती. ज्यांना माहीत होती त्यांतल्याच कुणीतरी नाहीशी केली.

२९ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. करंज्या तळल्या. कुणाशी बोलले नाही.

३१ ऑक्टोबर

उजाडायच्या आत उठले. सगळ्यांना उटणं लावलं. गुरूलाही लावलं, न बोलता. कारीट इथे कुठून मिळणार? बाबांनी अंगठ्याखाली चेरी टोमॅटो फोडला आणि "गोविंदा" म्हणाले. बिया भिंतीपर्यंत उडाल्या. वल्लरी खदखदून हसली. घरात किती दिवसांनी कुणीतरी हसलं.

मग मी सगळ्यांना बाहेर काढलं. पुढच्या अंगणात. कुणाला विचारलं नाही. नरकासुर मधोमध खुर्चीवर. देवचार फाटकापाशी, तीच त्याची जागा. मुंजा कडुनिंबावर, वेताळ भिंतीवर, कंदील ओळीनं. गुरू ऑफिसला निघाला होता, थांबला. शिडी आणली. वरचे कंदील त्यानं बांधले. वायर हातात देताना बोटांना बोटं लागली.

संध्याकाळी कंपाउंडची मुलं निघाली. पिशव्या घेऊन, दारोदारी चॉकलेटं मागत. प्लॅस्टिकचे सांगाडे, चेटकिणींच्या टोप्या, एक इवलासा ड्रॅगन, त्याची शेपूट आई उचलून चाललेली. आमच्या फाटकाशी आली आणि गप्पच झाली. ड्रॅगन आईच्या मागे लपला.

मी पुढे होणार इतक्यात बाबा उठले. पांढऱ्या लेंग्यात, खांद्यावर शाल. करंज्यांचं ताट माझ्या हातातून घेतलं.

"कम, कम. नो फिअर. धिस इज अवर वॉचमन," देवचाराकडे हात करून म्हणाले. "ऑल नाइट वॉकिंग. सी हिज चप्पल्स."

मुलं वाकून वहाणा बघायला लागली. एका टोपीवालीनं विचारलं, "डज ही गेट टायर्ड?"

"व्हेरी टायर्ड," बाबा म्हणाले. "बट नोबडी आस्क्स."

मग मुंजा दाखवला. मग नरकासुर, त्यानं काय केलं, त्याला कुणी मारलं. वल्लरी शेजारी उभी राहून त्यांचं अडलेलं इंग्रजी पुरं करत होती. "आजोबा मीन्स…" असं म्हणत. ज्या नरकासुराला त्यांनी उन्हात टाकला होता त्याच्या मांडीवर त्यांनी त्या ड्रॅगनला बसवला. आयांनी फोटो काढले. मला विचारत होत्या, हे सगळं तुम्ही केलंत? हातानं?

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण राग गेला नाही. मंडळाच्या हॉलमध्ये हेच झालं असतं. मराठी पोरांपुढे झालं असतं, त्यांच्या भाषेत.

आणि ती नव्हती. फाटकाच्या उजव्या बाजूची जागा मी तिच्यासाठीच मोकळी सोडली होती. गुरू त्या जागेकडे बघत होता, मी त्याला पकडलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं वाटलं होतं. ती नव्हती दिसत.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. विभावरीचा मेसेज: "फोटो बघितले. छान." उत्तर दिलं नाही.

२ नोव्हेंबर

चादर बदलायला बाबांच्या खोलीत गेले. ते बाहेर गेलेत असं वाटलं होतं. खिडकीपाशी बसले होते. समोरच्या खुर्चीवर हडळ.

"मीच आणली," म्हणाले. "गुरू म्हणाला ती कमल आहे. म्हणून बघत होतो."

मी हातातली चादर पलंगावर टाकली. "दिसल्या?"

"पहिल्यांदा वाटलं, दिसली. मग नाही. कमलनं जन्मात असं तोंड उघडलं नाही. आम्ही उघडू दिलं नाही, मी आणि माझ्या आईनं. ही ती नाही गं." त्यांनी हडळ उचलून माझ्या हातात दिली. "ही तू आहेस."

तिला घेऊन बाथरूममध्ये गेले. दार लावलं. आरशात तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

तोंड उघडून बघितलं.